सरकारी शाळेचा कारभार: निर्णय कोणाचा आणि हिशेब कोणाला?

धूळपाटी

सरकारी शाळांविषयीची चर्चा बहुतेक वेळा शिक्षक, अभ्यासक्रम आणि इमारत या तीन गोष्टींभोवती फिरते. शिक्षकाची नेमणूक कोण करते, रिकामी जागा भरायला किती सह्या लागतात, शैक्षणिक साहित्याचा निधी वर्षाच्या कोणत्या महिन्यात शाळेच्या खात्यात जमा होतो, मुख्याध्यापकाचा किती वेळ तक्ते भरण्यात जातो, या बाबी ‘प्रशासकीय’ म्हणून बाजूला पडतात. माझ्या मते वर्गात काय घडणार आणि काय घडणार नाही याचा बराचसा निर्णय याच बाबींमध्ये होऊन गेलेला असतो. म्हणून हा धागा केवळ त्यांच्यासाठी काढत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मान्य करतो. सार्वजनिक पैशातून, हजारो शाळांमधून, लाखो मुलांना शिकवायचे तर लेखी नियम, अधिकारांची उतरंड आणि नोंदी यांना पर्याय नाही. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने १७६३ मध्ये ग्रामीण शाळांसाठी नियमावली काढली. मुलांनी कोणत्या वयापासून शाळेत यावे, शिक्षकाची पात्रता कोणी तपासावी, शाळेवर देखरेख कोणी ठेवावी, हे सारे तिने कागदावर आणले. शाळा ही राज्यसंस्थेची जबाबदारी ठरली की तिच्या मागोमाग कार्यालय येते. ते असावे की नसावे हा माझा प्रश्न नाही. ते शाळेला कोणत्या गोष्टीकडे लक्ष द्यायला लावते, हा माझा प्रश्न आहे.

याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण इंग्लंडमधले आहे. शिक्षण खाते सांभाळणारे राजकारणी रॉबर्ट लोव यांच्या पुढाकाराने १८६२ मध्ये तेथे शाळांच्या अनुदानाची नवी संहिता लागू झाली. अनुदानाचा एक भाग मुलांच्या हजेरीवर आणि मोठा भाग वाचन, लेखन व अंकगणित यांच्या वार्षिक परीक्षेवर ठरू लागला. निरीक्षक शाळेत येऊन एकेका मुलाची परीक्षा घेई आणि मूल एखाद्या विषयात नापास झाले की त्या मुलामागे मिळणाऱ्या रकमेतला ठरावीक हिस्सा कापला जाई. हेतू वाईट नव्हता. सरकारी पैसा जातो कुठे, गरिबांच्या मुलांना किमान अक्षरओळख तरी होते का, हे विचारण्याचा संसदेला अधिकारच होता. परिणाम मात्र असा झाला की जे मोजले जात होते तेवढेच शिकवले जाऊ लागले. कवी मॅथ्यू आर्नल्ड स्वतः शाळा-निरीक्षक होते. पुरेशी तयारी करून घेतली तर लिहिता-वाचता न येणारे मूलसुद्धा या परीक्षेतून पार पडते, असे त्यांनी आपल्या सरकारी अहवालांत नोंदवले. वाचनाचे पुस्तक पाठ असले की वाचन आल्याचे सिद्ध होत असे. ही पद्धत पूर्णपणे मोडीत निघायला १८९० चे दशक उजाडले, म्हणजे मुलांची एक पिढी तिच्यातून गेली.

या प्रसंगात कोणीही आळशी किंवा भ्रष्ट नव्हते. निरीक्षक नेमून दिलेले काम करत होते, शिक्षक आपली नोकरी आणि शाळेचे अनुदान टिकवत होते, खाते हिशेब जुळवत होते. प्रत्येक जण आपल्या जागी योग्य वागत असताना शाळा मात्र शिकवायची थांबली. कार्यालयाचा शाळेवरचा परिणाम बहुतेकदा असाच होतो. कोणाच्या वाईट वागण्याशी त्याचा फारसा संबंध नसतो, आणि म्हणूनच एखादा अधिकारी बदलून तो दूर होत नाही.

शाळेतून माहिती वर जाते आणि आदेश खाली येतात. पटसंख्या, हजेरी, निकाल, खर्च, स्वच्छतागृहांची संख्या, मागासलेल्या विद्यार्थ्यांची यादी असे सगळे वर जाते. त्या माहितीच्या आधारे शाळेला काय मिळाले, हे मात्र शाळेला क्वचितच कळते. आपण पाठवलेल्या आकड्यांतून स्वतःच्या शाळेबद्दल काही उमगावे अशी सोय त्या तक्त्यांत नसते, कारण ते तक्ते वरच्या कार्यालयाच्या गरजेतून तयार झालेले असतात. वर्षानुवर्षे असे चालले की मुख्याध्यापकाला आपण कोणाला बांधील आहोत याचे उत्तर न विचारताच मिळते. समोरच्या पालकाचा प्रश्न उद्यावर गेला तर चालते, कार्यालयाचे पत्र उद्यावर जाऊन चालत नाही.

या विषयाशी ज्यांचा शिक्षक, पालक किंवा कर्मचारी म्हणून संबंध आला आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मध्यंतर

धूळपाटी, आपले विवेचन मला पटते, परंतु त्यातून एक निष्कर्ष सहज काढला जाईल आणि तो मला धोकादायक वाटतो. कार्यालय दूर आहे आणि गाव जवळ आहे, तेव्हा निर्णय गावाकडे द्यावेत म्हणजे शाळा सुधारेल, हा तो निष्कर्ष.

अमेरिकेत शाळांचा कारभार परंपरेने स्थानिक मंडळांकडे राहिला आहे. १९५४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदावर आधारलेल्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्यानंतर व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांना एकत्र बसवण्याऐवजी १९५९ मध्ये आपल्या सर्व सार्वजनिक शाळाच बंद केल्या. त्या १९६४ पर्यंत बंद होत्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा उभी राहिली, आणि कृष्णवर्णीय मुलांपैकी अनेकांची शाळा पाच वर्षे सुटली. हा निर्णय त्या भागातल्या, मतदारांना जवळून ओळखणाऱ्या लोकांनीच घेतला होता. तो उलटवला दूरच्या न्यायालयाने. जवळचा माणूस न्यायीच असेल असे गृहीत धरता येत नाही, आणि ज्याच्या बाजूने गावात कोणीच उभे नाही त्या मुलाला दूरवरून आलेला कोरडा नियमच आधार देतो.

दुसरे उदाहरण कागदाचेच देतो. अमेरिकेत १९७५ मध्ये अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला. त्यापूर्वी अशा अनेक मुलांना ‘आमच्याकडे सोय नाही’ एवढे तोंडी सांगून परत पाठवले जाई. या कायद्याने प्रत्येक पात्र मुलासाठी स्वतंत्र लेखी शिक्षण-योजना बंधनकारक केली. मुलाची आजची स्थिती काय, वर्षभराचे उद्दिष्ट काय, कोणती सेवा मिळणार, हे सगळे त्या योजनेत लिहावे लागते आणि ते न पटल्यास पालकांना दाद मागता येते. या कागदांचा शिक्षकांवर मोठा भार पडतो हे खरे आहे. तरीही तो कागद काढून घेतला तर पालकाच्या हातात काही उरत नाही. लिहून ठेवलेले नाकारणे अवघड असते. म्हणून मी ‘कागद कमी करा’ या मागणीकडे थोडे सावधपणे पाहतो, कारण सर्वांत आधी कोणता कागद कमी होईल हे सांगता येत नाही.

उत्तरा

मी सरकारी शाळेत शिकवले आहे आणि पुढे मुख्याध्यापक म्हणूनही काम केले आहे. मध्यंतर यांनी सांगितलेला कागद आणि आम्ही रोज भरत होतो तो कागद यांत मला एक फरक स्पष्ट दिसतो. त्यांचा कागद एका मुलाच्या नावाने असतो, शाळेतच राहतो आणि उद्या त्या मुलाला शिकवताना उघडावा लागतो. आमच्याकडचा बहुतांश कागद शाळेतून निघून जाण्यासाठीच तयार होत असे.

एकच माहिती वेगवेगळ्या विभागांना वेगवेगळ्या नमुन्यात लागते. एकाला वयोगटानुसार, दुसऱ्याला इयत्तेनुसार, तिसऱ्याला प्रवर्गानुसार. ती एकदाच घेऊन आपापसांत वाटून घेण्याची जबाबदारी कोणत्याच विभागाची नसते, त्यामुळे ती जुळवाजुळव शाळेच्या पदरी येते. संगणक आल्यावर हे संपेल असे आम्हाला वाटले होते. प्रत्यक्षात माहिती मागवणे वरच्या कार्यालयाला इतके सोपे झाले की मागण्यांची संख्याच वाढली. पूर्वी पत्र काढायचे तर मसुदा, सही, जावक क्रमांक अशी थोडी तरी अडचण असे, आणि त्या अडचणीत काही अनावश्यक मागण्या आपोआप गळून पडत. आता संदेश सकाळी येतो आणि माहिती त्याच दिवशी हवी असते. मग वर्गावरचा शिक्षक कार्यालयात बसतो. मुलांना स्वाध्याय दिला जातो. हजेरीपटावर तो तास झालेलाच असतो.

हा प्रश्न एखाद्या गरीब देशापुरता नाही. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०१८ मध्ये केलेल्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणात जपानमधील माध्यमिक स्तरावरचे शिक्षक आठवड्याला सरासरी ५६ तास काम करत असल्याचे आढळले. सहभागी देशांत हा आकडा सर्वाधिक होता. त्यांपैकी प्रत्यक्ष शिकवण्याचे तास मात्र १८ होते, म्हणजे इतर देशांच्या सरासरीपेक्षाही कमी. उरलेल्या वेळेत पाठाची तयारी आणि वह्या तपासणे असतेच, परंतु क्रीडा व छंद मंडळे आणि कार्यालयीन काम यांचा वाटाही मोठा असतो. इतक्या शिस्तबद्ध व्यवस्थेतही शिक्षकाच्या वेळेवर पहिला हक्क शिकवण्याचा राहत नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. भारतात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना शिक्षणेतर कामाला लावण्यास मनाई केली आणि दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण व निवडणुका हे अपवाद ठेवले. त्यात शाळेच्या नावाखाली येणाऱ्या कार्यालयीन कामाचा उल्लेखच नाही, कारण ते काम कागदोपत्री शैक्षणिकच ठरते.

पैशाबद्दलही लिहिले पाहिजे. शाळेला साहित्यासाठी मिळणारा निधी आर्थिक वर्षाच्या शेवटच्या टप्प्यात यावा आणि वर्ष संपण्यापूर्वी खर्च करून त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) द्यावे, असे झाले की मुख्याध्यापक गरजेची वस्तू घेत नाही. जी लवकर मिळते आणि लेखापरीक्षणात ज्या पावतीवर आक्षेप निघत नाही, ती वस्तू तो घेतो. प्रयोगशाळेसाठी ठरलेल्या पैशातून गळके छप्पर दुरुस्त करता येत नाही, कारण लेखाशीर्ष (हिशेबातले खर्चाचे खाते) वेगळे आहे. त्या खोलीत पाणी गळत असल्याने प्रयोगशाळा वापरता येत नाही, ही बाब कोणत्याच रकान्यात बसत नाही. हे सर्व नियम अफरातफर रोखण्यासाठी केलेले आहेत हे मला माहीत आहे. परंतु प्रामाणिक माणसालाही चुकीची खरेदी करायला लावणारा नियम किती पैसा वाचवतो, याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

कोनाडा

उत्तरा यांच्या पैशाबद्दलच्या मुद्द्याला एक जोड देतो. वरून सुटलेला पैसा शाळेपर्यंत पोहोचतो का, हे युगांडामध्ये १९९० च्या दशकात तपासले गेले. केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी दिलेल्या दरडोई अनुदानापैकी १९९१ ते १९९५ या काळात सरासरी फक्त १३ टक्के रक्कम शाळांच्या हाती पडल्याचे त्या पाहणीत दिसले. बाकीची मधल्या स्तरावर अडकली किंवा दुसरीकडे वळली. त्यानंतर सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठवली हे वृत्तपत्रांत छापायला आणि शाळांच्या भिंतींवर लावायला सुरुवात केली. पुढच्या काही वर्षांत पोहोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या वर गेला. या सुधारणेचे किती श्रेय वृत्तपत्रांना आणि किती त्याच काळात झालेल्या इतर वित्तीय सुधारणांना द्यायचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

मला यात महत्त्वाचे वाटते ते माहितीच्या वाटेबद्दल. धूळपाटी यांनी म्हटल्याप्रमाणे माहिती एरवी खालून वर जाते. येथे ती वरून खाली आली. कार्यालयाने शाळेला आणि पालकांना हिशेब दिला. शाळेकडून एकही नवा तक्ता भरून घ्यावा लागला नाही.

सीमारेषा

मग तपासणी बंद करावी का? फिनलंडने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शाळांची सरकारी तपासणी आणि पाठ्यपुस्तकांची पूर्वमान्यता दोन्ही बंद केल्या, आणि तेथील शाळा कोसळल्या नाहीत.

उत्तरा

सीमारेषा, फिनलंडमध्ये त्याआधी काय केले गेले तेही पाहावे लागेल. शिक्षकांचे शिक्षण १९७० च्या दशकात विद्यापीठांकडे गेले आणि पदव्युत्तर पदवी ही वर्गशिक्षकासाठी साधारण अट झाली. विश्वास ठेवण्याजोगा शिक्षक घडवण्यावर आधी वीसेक वर्षे खर्च झाली आणि मग देखरेख सैल केली गेली. हा क्रम उलटा करून चालणार नाही. जेथे अघोषित भेटींत चारातला एक शिक्षक गैरहजर आढळतो (भारतातील सरकारी प्राथमिक शाळांबाबत २००३ च्या पाहणीत हेच दिसले होते), तेथे तपासणी काढून घेतली तर त्याची किंमत मुले मोजतील.

मात्र तपासणीत काय पाहिले जाते याला फार महत्त्व आहे. मी पाहिलेले बहुतेक तपासणी अधिकारी आधी दप्तर मागत. नोंदवह्या अद्ययावत असल्या की शाळा चांगली ठरे. वर्गात मागच्या बाकावर बसून एक पूर्ण तास ऐकणारे आणि नंतर शिक्षकाशी त्या तासाबद्दल बोलणारे अधिकारी मला थोडेच भेटले. जे भेटले त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकले. त्यांच्यावरही अहवालांचा तितकाच बोजा होता, हेही मला नमूद केले पाहिजे. इतक्या शाळांना भेट दिल्याची संख्या त्यांनाही वर कळवायची असे आणि एका शाळेत अर्धा दिवस घालवला की त्यांची संख्या मागे पडत असे.

मध्यंतर

अधिकार शाळेकडे दिल्यावर काय होते याचे सर्वांत धाडसी उदाहरण न्यूझीलंडचे आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. १९८९ मध्ये त्या देशाने आपले जुने शिक्षण खाते आणि प्रादेशिक मंडळे बरखास्त केली आणि प्रत्येक शाळेचा कारभार पालकांनी निवडलेल्या विश्वस्त मंडळाकडे सोपवला. मुख्याध्यापकाची नेमणूक, अंदाजपत्रक, इमारतीची देखभाल, सगळे शाळेकडे आले. मधला थर जवळजवळ नाहीसा झाला. आपल्यापैकी अनेकांना हे स्वप्नवत वाटेल.

त्यातून दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे जे काम पूर्वी मंडळाच्या कार्यालयात कारकून आणि अभियंते करत होते ते मुख्याध्यापकाच्या टेबलावर आले. दुसरी म्हणजे ज्या वस्तीत वकील, लेखापाल आणि फावला वेळ असलेले पालक होते तेथील मंडळे भक्कम झाली, आणि जेथे पालक दोन ठिकाणी काम करून घर चालवत होते तेथे मंडळावर यायला माणसे मिळेनात. सरकारने नेमलेल्या स्वतंत्र कार्यदलाने २०१८ मध्ये पुन्हा एक प्रादेशिक थर उभा करण्याची शिफारस केली. सरकारने ती जशीच्या तशी स्वीकारली नाही, परंतु तीस वर्षांनी हा प्रश्न परत यावा हे पुरेसे सूचक आहे. नोकरशाही हटवली म्हणजे तिचे काम हटत नाही. ते कोणाकडे जाते हे आधी ठरवले नाही, तर ते ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे जाते.

धूळपाटी

मध्यंतर, आपले दोन्ही प्रतिसाद वाचून माझी मांडणी अधिक नेमकी करावीशी वाटते. निर्णय वर असावेत की खाली, असा एकच प्रश्न करून चालणार नाही. भेदभावाला मनाई, किमान सुविधा, शिक्षकाची पात्रता, पैशाचे न्याय्य वाटप हे वरच ठरले पाहिजे आणि तेथे नियम कठोर असला पाहिजे. कोणत्या इयत्तेला कोणता शिक्षक, वेळापत्रक कसे, या वर्षी पुस्तके घ्यायची की छप्पर दुरुस्त करायचे, मागे पडलेल्या मुलांसाठी वेगळा गट कधी बसवायचा, हे वर ठरवता येत नाही, कारण तेथून ते दिसत नाही. आज अनेक व्यवस्थांमध्ये नेमके उलटे झाले आहे. वेळापत्रकाचे परिपत्रक वरून येते आणि किमान सुविधांचा प्रश्न मात्र ‘लोकसहभागातून सोडवावा’ म्हणून खाली ढकलला जातो.

बदल्यांबाबतही हेच. निःपक्षपाती नियमही किती असमान परिणाम देऊ शकतो हे फ्रान्समध्ये दिसते. तेथे माध्यमिक शिक्षक राष्ट्रीय स्पर्धापरीक्षेतून निवडले जातात आणि बदल्या गुणांकनाने होतात. सेवेची वर्षे, कौटुंबिक स्थिती यांचे गुण ठरलेले असतात, त्यामुळे वशिल्याला फारसा वाव राहत नाही. याच पद्धतीमुळे पॅरिसभोवतालच्या क्रेतेय आणि व्हर्सायसारख्या विभागांत नवख्या शिक्षकांची मोठी भरती होते, कारण गुण साठले की अनुभवी शिक्षक तेथून बाहेर पडतात. ज्या मुलांना सर्वांत अनुभवी शिक्षक हवा, त्यांच्यासमोर सर्वांत नवा शिक्षक उभा राहतो. वशिला नको म्हणून गुणांकन आणले हे योग्यच झाले, परंतु त्या गुणांच्या यादीत शाळेची गरज हा घटक पुरेशा वजनाने आलाच नाही.

मोजमापाबद्दल एवढेच लिहितो की १८६२ ची चूक मागे राहिलेली नाही. अमेरिकेत २००२ च्या कायद्याने परीक्षेचे निकाल आणि शाळेवरची कारवाई यांची सांगड घातली, आणि २०१४ पर्यंत प्रत्येक मूल प्रावीण्याच्या पातळीला आणण्याचे लक्ष्य ठेवले. अटलांटा शहरात २०११ मध्ये राज्य सरकारच्या चौकशीत ४४ शाळांत उत्तरपत्रिकांशी छेडछाड झाल्याचे निष्पन्न झाले, आणि पुढे त्यात शिक्षकांना व अधिकाऱ्यांना शिक्षाही झाल्या. त्यांच्या कृत्याचे समर्थन करता येणार नाही. त्या उत्तरपत्रिका दुरुस्त झाल्यामुळे ज्या मुलांना मदत मिळायला हवी होती ती उत्तीर्ण दिसली आणि मदतीपासून वंचित राहिली, याचे मला सर्वाधिक दुःख वाटते.

कोनाडा

काही ठोस सूचना पुढे याव्यात असे वाटते, म्हणून सुरुवात करतो. कोणत्याही विभागाने शाळेकडून नवा तक्ता मागवण्यापूर्वी ती माहिती दुसऱ्या विभागाकडे नाही याची लेखी खात्री द्यावी, आणि त्या तक्त्यातून कोणता निर्णय होणार हे त्याच पत्रात नमूद करावे. निर्णय नमूद नसेल तर माहिती न देण्याची मुभा शाळेला असावी. शाळेला जशी मुदत असते तशी कार्यालयालाही असावी: शिक्षकाची जागा रिकामी झाल्याचे कळवल्यापासून ठरावीक दिवसांत ती भरली नाही, तर पुढची कार्यवाही कार्यालयाच्या परवानगीशिवाय शाळेला करता आली पाहिजे.

उत्तरा

कोनाडा, आपली शेवटची सूचना मला सर्वांत मोलाची वाटते. एक शिक्षक कमी असला की कागदावर ‘रिक्त पद १’ एवढेच दिसते, पण शाळेत दोन इयत्ता एका खोलीत येतात आणि वर्ष संपेपर्यंत तशाच राहतात. त्यात एक अडचण मात्र आधी सोडवावी लागेल. शाळेने तात्पुरता शिक्षक नेमला तर त्याचे मानधन कोठून द्यायचे? रिक्त पदाचे वेतन शासनाकडेच शिल्लक राहते, ते शाळेकडे येत नाही. त्या काळापुरती ती रक्कम शाळेच्या खात्यावर वर्ग करण्याची तरतूद झाली, तर पद रिकामे ठेवण्यात कोणाचीही बचत होणार नाही आणि भरतीची नस्ती कदाचित लवकर हलेल. पात्रतेची अट मात्र ढिली होता कामा नये आणि नेमणुकीची जाहिरात शाळेबाहेर लावली गेली पाहिजे, नाहीतर मध्यंतर यांनी सांगितलेली भीती येथेच खरी ठरेल. वित्त विभागात काम केलेले कोणी हा धागा वाचत असेल, तर रिक्त पदाचे वेतन असे वर्ग करण्यात नेमका कोणता नियम आड येतो, ते कृपया सांगावे.